ग्रामपंचायतीला उभं राहणं हे पाचारण असू शकतं का?

मुळाकाठ

जय ख्रिस्त. धागा लांबणार आहे, आधीच सांगतो.

गेल्या रविवारी उपासना झाल्यावर वस्तीतले सात-आठ जण मागं थांबले आणि म्हणाले, या खेपेला आपल्या वॉर्डातून तू उभा राहा. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. घरी येऊन वडिलांच्या कानावर घातलं. त्यांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं आणि एवढंच म्हणाले, "तुला आम्ही सेवेसाठी वाढवलं, गटारासाठी नाही."

त्यांच्या बोलण्यामागे एक गोष्ट आहे. मी दीड वर्षाचा असताना तापाने गेलोच होतो. बायबलातल्या हन्नाने शमुवेलाला देवाला वाहिलं तसं आईने मला वाहिलं. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते, रविवारी आजूबाजूच्या वाड्यांवर जाऊन उपदेश करायचे. वडिलांनाही वाटत होतं की मी पुण्याला जाऊन ईश्वरविज्ञान शिकावं आणि पाळक व्हावं. मी कृषी पदवी घेतली, आता रोपवाटिका चालवतो. त्यांनी ते सोसलं. पण माझं पाचारण, म्हणजे देवाकडून कामासाठीचं बोलावणं, अजून यायचंय, असं त्यांच्या मनात आहे.

आणि खरं तर प्रश्न गटाराचाच आहे. आमच्या वस्तीचं सांडपाणी अंगणवाडीच्या दारात साचतं. दफनभूमीला रस्ता नाही. पावसाळ्यात मयत न्यायची तर दुसऱ्याच्या उसातून जावं लागतं, आणि त्यासाठी दर वेळी हात जोडावे लागतात. मागच्या वर्षी माझ्या चुलतीची पेटी खांद्यावर घेऊन आम्ही मांडीएवढ्या चिखलातून गेलो. त्या दिवसापासून मला रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय वेगळा ऐकू येतो. अधिकारी देवाचा सेवक आहे असं पौल म्हणतो. मग तो सेवक आपल्यातला का असू नये?

दुसरी बाजूही सांगतो. मागच्या निवडणुकीच्या आधी नाताळात एक उमेदवार आमच्याकडे आला, मंडळीला, म्हणजे आमच्या चर्चला, खुर्च्या दिल्या, आणि त्याला व्यासपीठावरून बोलायला माईक मिळाला. प्रभुभोजनाचा मेज मागे आणि पुढे तो. मला फार लागलं ते. मी उभा राहिलो तर मीही तेच करणार का?

तर विचारायचं हे: राजकारण हे पाचारण असू शकतं का? आणि तुमचं यावरचं मत कशाच्या वाचनातून बनलं? नुसतं वचन टाकून जाऊ नका, ते वचन तुम्हाला कधी, कुठं भेटलं तेही लिहा. माझ्यापुरतं सांगायचं तर बायबलातले मत्तयचा पाचवा ते सातवा अध्याय आणि आमोसाचं पुस्तक, आणि 'स्मृतिचित्रे'. तिन्ही आजोबांच्या पेटीतून मिळाली.

जुना मास्तर, नगर

बाळा, तुझ्या तीन नावांतली दोन एकमेकांना जोडलेली आहेत, ते आधी सांगतो. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने नारायण वामन टिळकांना, म्हणजे 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाईंच्या यजमानांना, नवा करार दिला. त्यांना तो फारसा वाचायचा नव्हता, पण दिलाय तर वाचू म्हणून उघडला, आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी, म्हणजे तुझ्या मत्तय पाच ते सातपाशी, आल्यावर त्यांना ते सोडवेना. पुढे १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. मी हे नगरच्या शाळेत आठवीत असताना वाचलं, आणि पहिल्यांदा कळलं की एका माणसाची दिशा तीन अध्यायांनी बदलू शकते.

मग त्या तीन अध्यायांनी टिळकांना कुठं नेलं? एकट्याच्या तारणात ते थांबले नाहीत. देशावरच्या त्यांच्या कविता आपण शाळेत शिकलो. १९१२ पासून अखेरपर्यंत 'ज्ञानोदय' या ख्रिस्ती नियतकालिकाच्या मराठी विभागाची धुरा त्यांच्याकडे होती. आणि १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' उभा केला. परदेशी मिशनच्या पैशावर आणि हुकमावर चालणारी मंडळी त्यांना मान्य नव्हती. ज्याला राष्ट्राचं स्वराज्य हवं, त्याला मंडळीतही स्वराज्य हवं, हा त्यांचा हिशोब सरळ होता. हे राजकारण नाही तर काय आहे?

तू रोमकर तेरा धरलास. मी तुला नहेम्या वाच म्हणेन. तो याजक नव्हता, संदेष्टा नव्हता. राजाचा प्यालेबरदार, सरकारी नोकर. यरुशलेमेचा तट पडला आहे हे ऐकून तो बसून रडला, उपास केला, आणि मग राजाकडे रजा, पत्रं आणि लाकूड मागितलं. प्रार्थना आणि अर्ज दोन्ही! तिसरा अध्याय लोक कंटाळून सोडून देतात, कारण त्यात नुसती नावं आहेत. पण नीट बघ, अमक्याने आपल्या घरासमोरचा तट बांधला, तमक्याने आपल्या खोलीसमोरचा. आपापल्या दारापुढचं काम. बावन्न दिवसांत तट उभा राहिला. आणि पाचव्या अध्यायात तो सावकारांना भर सभेत धारेवर धरतो, कारण गरिबांची शेतं आणि पोरं गहाण पडली होती. त्याच अध्यायात तो सांगतो की बारा वर्षं सुभेदार असताना सुभेदाराचा भत्ता त्याने घेतला नाही. लोकांवर आधीच भार होता म्हणून.

हा अध्याय मी चाळीस वर्षं शब्बाथ शाळेत शिकवला. तो ग्रामपंचायतीचा अध्याय आहे हे मात्र निवृत्तीनंतर उमगलं, आमच्या वाडीची पाण्याची टाकी फुटली आणि कोणी विचारेना तेव्हा.

विश्वासी

बंधू, तुमचं मन दुखवायचं नाही, पण मी वेगळं सांगणार. "माझं राज्य या जगाचं नाही" हे प्रभूने पिलातासमोर सांगितलं. आम्ही नऊ जण घरात जमून प्रार्थना करतो. आमच्यातला एक भाऊ दहा वर्षांपूर्वी पंचायत समितीच्या निवडणुकीत उतरला. चांगला माणूस, रात्र रात्र प्रार्थना करणारा. आधी कार्यकर्त्यांच्या जेवणावळी, मग जेवणाबरोबर जे लागतं ते. मग पक्षाने सांगितलं म्हणून एका खोट्या कागदावर सही. निवडून आला. आज तो कुठल्याच उपासनेला जात नाही. त्याची बायको आमच्याकडे येऊन रडते.

तीमथ्याला पौल सांगतो, राजांसाठी आणि अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करा. त्यांच्या जागी बसा असं सांगत नाही. आणि सध्याचे दिवस बघा. आमच्या प्रार्थनेला कोण आलं, कोण गेलं यावर गावात नजर असते. अशा वेळी पुढं होऊन डोळ्यात येणं म्हणजे साऱ्या वस्तीवर ओढवून घेणं. वडील उगाच बोलत नाहीत. बापाच्या जिभेवर कधी कधी देव बोलतो.

मुळाकाठ

तुमच्या त्या भावाची गोष्ट वाचून रात्री झोप लागली नाही. भीतीचंही तुम्ही म्हणता ते खरं आहे, मी ते वरच्या धाग्यात लिहायचं टाळलं होतं.

अंजिराचं झाड

विश्वासी यांच्या पोस्टवर बायबलातल्या शास्ते पुस्तकाचा नववा अध्याय आठवला. झाडं राजा शोधायला निघतात. जैतून म्हणतं मी माझं तेल सोडू का, अंजीर म्हणतं मी माझी गोडी सोडू का, द्राक्षवेल म्हणते मी माझा रस सोडू का. शेवटी काटेरी झुडूप म्हणतं, या माझ्या सावलीत. आणि त्यातून आग निघते. चांगल्यांनी नकार दिला की काय होतं ते योथामाने डोंगरावर उभं राहून ओरडून सांगितलं.

विश्वासी

पण ताई किंवा दादा, त्याच दृष्टांतात जैतुनाचा प्रश्नही खरा आहे. आमच्या भावाचं तेल खरोखर गेलं. ते कोण परत देणार?

अंजिराचं झाड

याला माझ्याकडे उत्तर नाही. विचार करते आहे.

वसईची लेक

आमच्याकडे हा प्रश्न जरा वेगळ्या तऱ्हेने सुटला, म्हणून लिहिते.

कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेत २८५ वं कलम आहे. शासकीय सत्ता वापरावी लागते असं सार्वजनिक पद धर्मगुरूला घेता येत नाही. आणि २८७ व्या कलमाप्रमाणे राजकीय पक्षात सक्रिय भागही नाही. लहानपणी मला वाटायचं, म्हणजे राजकारण वाईट म्हणून फादरांना बंदी. मोठेपणी कळलं की उलट आहे. ते काम प्रापंचिकांचं आहे, म्हणून फादरांनी ते घ्यायचं नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये आधुनिक जगातल्या चर्चविषयी जो दस्तऐवज काढला, त्यात लोकांच्या भल्यासाठी राज्यकारभाराचं ओझं उचलणाऱ्यांचा गौरव केला आहे. आमच्या आईवडिलांच्या पिढीला मिस्सात उभं राहून "पाचारणासाठी प्रार्थना करू या" म्हणताना फक्त सेमिनरी आणि कॉन्व्हेंट डोळ्यांपुढे यायचं. त्या प्रार्थनेत सरपंच कधी आला नाही.

आता वसईचं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आमचा हिरवा पट्टा बांधकामाला खुला झाला. विहिरींतलं पाणी टँकरने उपसून इमारतींना जायचं, आणि आमच्या केळीला, पानवेलीला खारं पाणी यायला लागलं. दहशत अशी की बोलायची सोय नाही. तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे झाले, हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, आणि हिंदू-ख्रिस्ती सगळे शेतकरी रस्त्यावर आले. माझी आजी, जी देवळाशिवाय कुठं गेली नव्हती, ती मोर्चात गेली. फादर निवडणुकीला उभे राहिले नाहीत. 'सुवार्ता' मासिकातून लिहीत राहिले, आम्हाला वाचायला लावत राहिले. माझं घडवणारं वाचन म्हणाल तर ते मासिक. घरी पोस्टाने यायचं आणि आजोबा ओट्यावर बसून मोठ्याने वाचायचे. त्यात संत फ्रान्सिस असायचा आणि भूजलाची पातळीही असायची. दोन्ही एकाच अंकात असू शकतात हे मला तिथं कळलं.

२०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला ते मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा ख्रिस्ती धर्मगुरू म्हणून विरोध झाला, आणि तरी ते आजारी अंगाने तिथं गेले, बोलले. २५ जुलै २०२४ ला ते गेले. मी त्या दिवशी नंदाखालला होते, पाऊस होता.

मुळाकाठ, माईकचा तुमचा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. उभे राहणार असाल तर आधी पाळकांना भेटा आणि सांगा, मला व्यासपीठ देऊ नका. माझ्यासाठी प्रार्थना करायची तर समोरच्या उमेदवाराचंही नाव घ्या. मंडळीची मतं म्हणजे गठ्ठा नव्हे. तो गठ्ठा बांधायला तुम्ही हात लावलात तर खुर्च्या देणाऱ्यात आणि तुमच्यात काही फरक उरणार नाही.

नेवाशाहून

मी ख्रिस्ती नाही. बौद्ध आहे. पण धागा वाचतोय आणि गप्प राहवत नाही.

आमची आणि तुमची वस्ती बहुतेक ठिकाणी एकच असते, मध्ये एक बोळ. आजोबा एकाच महारवाड्यातले, कोणी मिशनकडे गेलं, कोणी १९५६ ला बाबासाहेबांमागे. पण कागदावर काय झालं बघा. १९५० चा राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींचा आदेश, त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाने त्या फक्त हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये आम्ही बौद्ध आलो. ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर. २००७ मध्ये रंगनाथ मिश्रा आयोगाने ही धर्माची अट काढा म्हणून सांगितलं, २०२२ मध्ये बालकृष्णन आयोग नेमला गेला. अट तिथंच आहे.

याचा अर्थ गावपातळीवर असा की वॉर्ड अनुसूचित जातीसाठी राखीव झाला की मुळाकाठसारखा माणूस उभाच राहू शकत नाही. वस्ती विकासाच्या योजनेचं नावच "अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांचा विकास" आहे. बोळाच्या अलीकडे दिवे लागतात, पलीकडे अंधार. मग आमच्यातही कुरबूर होते, "ते तुमचे, हे आमचे". मला याची लाज वाटते.

म्हणून विचारतो, या वेळी तुमचा वॉर्ड सर्वसाधारण सुटलाय का? सुटला असेल तर ही संधी दर वेळी येत नाही. उभे राहा, बोळ ओलांडून आमच्याकडेही या. आमची मतं प्रार्थनेने मिळणार नाहीत, गटाराचं बोललात तर मिळतील.

मुळाकाठ

हो दादा, या वेळी सर्वसाधारण आहे. आणि बोळाचं जे लिहिलंत ते आमच्या गावालाही तंतोतंत लागू आहे. आमच्या बाजूच्या खांबावर तार आहे, दिवा नाही.

केडगाव लोकल

विश्वासी काकांच्या पोस्टपासून अडकले आहे. पंडिता रमाबाईंबद्दल लिहिल्याशिवाय सुटका नाही. मी त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनच्या आसपास वाढले, त्यामुळे रमाबाई म्हणजे प्रार्थना, संजीवन म्हणजे श्रद्धेची मोठी जागृती, आणि अनाथ मुली, एवढंच आम्हाला शिकवलं होतं. कॉलेजात त्यांची पत्रं वाचली आणि दुसरीच बाई भेटली.

१८८२ मध्ये, बाप्तिस्म्याच्याही आधी, त्यांनी शिक्षणाच्या हंटर आयोगापुढे साक्ष दिली की स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर आणि स्त्री शिक्षिका हव्यात. १८८९ च्या डिसेंबरमध्ये मुंबईला काँग्रेसचं अधिवेशन झालं, त्यात ज्या मोजक्या स्त्रिया प्रतिनिधी होत्या त्यांत त्या होत्या. आणि १८९७. पुण्यात प्लेग. तिथल्या रुग्णालयात आणि छावणीत बायकांना कशी वागणूक मिळते, यावर त्यांनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये पत्र लिहिलं, आपल्याच सदनातल्या मुलीचं उदाहरण देऊन. प्रश्न पार इंग्लंडच्या पार्लमेंटात गेला. गव्हर्नर सँडहर्स्टने त्यांचं म्हणणं खोटं ठरवलं. प्लेगच्या अत्याचारांबद्दल विलायतेत बोललेल्या गोखल्यांना त्याच वर्षी जाहीर माफी मागावी लागली. रमाबाईंनी माघार घेतली नाही.

आता विचार करा, ही बाई कोण होती? मिशनऱ्यांच्या देणग्यांवर संस्था चालवणारी, इंग्रज राजवटीत राहणारी, हिंदू समाजाने धर्म सोडला म्हणून टाकलेली. तिला कोणाचाच आधार नव्हता. गप्प बसायला सगळी कारणं होती. विश्वासी काका, तुम्ही म्हणता तसं डोळ्यात येणं तिलाही परवडणारं नव्हतं.

आणि ती फक्त सरकारशीच भांडली नाही. इंग्लंडमध्ये असताना ज्या सिस्टरने तिला आईसारखं सांभाळलं, तिलाही तिने लिहिलं की मी मोठ्या कष्टाने एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटले आहे, लगेच दुसऱ्या जोखडाखाली मान देणार नाही. मी हे वाक्य वाचलं तेव्हा वसतिगृहाच्या गच्चीवर होते आणि पुस्तक मिटून बराच वेळ तशीच बसले.

मग ती राजकारणात का राहिली नाही, असं कोणी विचारेल. दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या, त्यांना केडगावात शेत, माग, छापखाना शिकवला. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक घेऊन बायबल साध्या मराठीत आणायला बसली, म्हणजे चार इयत्ता शिकलेल्या बाईलाही ते वाचता यावं. त्या छापखान्यात मुली खिळे जुळवायच्या. १९२२ मध्ये त्या गेल्या, पूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. ज्यांना जगाने उष्टं म्हणून टाकलं होतं त्यांच्या हातांनी जुळवलेलं बायबल! मला यात साक्ष, प्लेगचं पत्र आणि भाषांतर ही तीन कामं दिसत नाहीत, एकच दिसतं. जिला बोलता येत नाही तिचं बोलणं वर पोचवणं.

म्हणून मुळाकाठ, "पाळक की पंच" हा वडिलांनी घातलेला पेच मला पेच वाटत नाही. वाहिलेलं मूल कुठं ठेवायचं हे आई ठरवत नाही, वडीलही नाही.

जुना मास्तर, नगर

शेवटचं वाक्य मी वहीत उतरवून घेतलं.

यात थोडी भर घालतो. 'पाचारण' हा शब्द चांभाराच्या आरीपर्यंत नेला तो जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरने. १५२० मध्ये त्याने जर्मन सरदारांना लिहिलं की धर्मगुरू तेवढे आध्यात्मिक आणि बाकीचे ऐहिक हा भेदच खोटा आहे, बाप्तिस्मा सगळ्यांचा एकच. आपली प्रॉटेस्टंट मंडळी ही त्याची लेकरं, आणि आपल्याच घरांत "सेवा" म्हणजे फक्त पाळकपद राहिलं. हे कसं झालं, याचा विचार मी रात्री करत होतो. मला वाटतं मिशनच्या काळात शिकलेल्या माणसाला दोनच नोकऱ्या होत्या, मास्तर नाहीतर उपदेशक. नोकरीची यादी लहान होती, तिलाच आपण देवाची यादी समजलो.

विश्वासी

रमाबाईंचं प्लेगचं पत्र मला माहीत नव्हतं. आमच्याकडे त्यांचं नाव फक्त १९०५ च्या संजीवनासाठी घेतात.

माझं मत पूर्ण बदललं असं म्हणणार नाही. पण एक करता येईल. आमच्या त्या भावाला कोणी विचारणारं नव्हतं, आम्ही त्याला निवडणुकीच्या दिवशीच सोडून दिलं होतं, "तू जगात गेलास" म्हणून. मुळाकाठ, तुम्ही उभे राहिलात तर तीन माणसं अशी ठेवा जी दर महिन्याला तुमचा हिशोब विचारतील, पैशाचाही आणि प्रार्थनेचाही. त्यात एक तरी तुमच्याशी न पटणारा असू द्या. हवं तर मी येईन. राहुरीला एसटीने दीड तास आहे.

मुळाकाठ

काका, तुमचं नाव लिहून ठेवलं. खरंच.

पंधरा दिवसांनी लिहितोय. वडील फोनवर वाचत नाहीत, म्हणून धागा छापून घेतला आणि दिवाणावर ठेवून दिला. दोन दिवस तसाच होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी रोपवाटिकेतून आलो तर ते चष्मा लावून नहेम्या वाचत होते. काही बोलले नाहीत. रात्री आईला म्हणाले म्हणे, "त्याने भत्ता घेतला नाही, हे मी कधी नीट वाचलंच नव्हतं."

अर्ज भरायचं अजून ठरलेलं नाही. पण २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत दफनभूमीच्या रस्त्याचा आणि गटाराचा विषय मांडायचा हे ठरलं. काल बोळ ओलांडून पलीकडे गेलो. त्यांनी चहा पाजला आणि दिव्याचा विषयही एकाच अर्जात घालू म्हणाले. सव्वीस सह्या झाल्या, अकरा आमच्या आणि पंधरा त्यांच्या. सत्ताविसावी वडिलांची आहे. त्यांनी खाली तारीखही घातली, मास्तरांच्या अक्षरात असते तशी.

नेवाशाहून

अर्ज दोन प्रतींत द्या आणि एकीवर पोच घ्या, शिक्क्यासकट. सभेच्या आधी ग्रामसेवकाकडून विषयपत्रिकेची प्रत मागून घ्या आणि तुमचा विषय त्यात लिहिलाय का ते बघा. "आयत्या वेळचे विषय" मध्ये ढकलतील, तिथं नेऊ देऊ नका. आणि सभा संपल्यावर ठराव वाचून दाखवल्याशिवाय कोणी उठायचं नाही. आम्ही तिथंच फसलो होतो.